नागपूरहून थरच्या वाळवंटात एकट्यानं: गाडी, तंबू आणि मुक्काम

नागपूर ते जैसलमेर हे अंतर खाली सांगितलेल्या रस्त्यानं साधारण साडेचौदाशे किलोमीटर आहे. तिथलं फिरणं आणि परतीचा प्रवास धरला की मीटरवर तीन हजार दोनशेच्या आसपास आकडा चढतो. साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी असलेल्या, एकट्यानं निघणाऱ्या आणि जमेल तिथे स्वतःच्या तंबूत झोपायची हौस असलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे. फोर बाय फोर लागत नाही. बाइकवाल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, फक्त सामानाची यादी अर्धी करावी लागेल.

मी निघाले तेव्हा मोहल्ल्यातून पहिला प्रश्न आला, "एकटीच कायले चालली वं बाप्पा?" दुसरा प्रश्न साप-विंचवांचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण नवख्या माणसाला खरा त्रास होतो तो अंधारात पोचल्यामुळे आणि न विचारता तंबू ठोकल्यामुळे. म्हणून खालचा निम्मा मजकूर या दोन गोष्टींवरच आहे.

१. आधी महिना ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. बाकीचे महिने सोडून द्या. याच वाटेवरच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, तो देशातला उच्चांक. आपल्याला नागपूरकर म्हणून उन्हाची थोडी ऐट असते. ४५-४६ अंश आपण दर वर्षी पचवतो, हे खरं. पण कूलरसमोर बसून पचवतो. तंबूत कूलर नसतो.

थंडीचा हिशेब मात्र बहुतेकांचा चुकतो. जानेवारीत जैसलमेरला दुपारी २४-२५ अंश असतात, टी-शर्टवर फिरता येतं, आणि पहाटे पारा ७-८ वर येतो, कधी त्याच्याही खाली. शिवाय जैसलमेर आपल्या बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला असल्यामुळे डिसेंबरात तिथे नागपूरपेक्षा जवळपास पाऊण तास उशिरा उजाडतं. सूर्य मावळतो तो मात्र जेमतेम वीस मिनिटं उशिरा. म्हणजे रात्र लांब आणि पहाट अधिक लांब. सहाला उठून निघू असं मनात असेल तर सहाला तिथे मिट्ट काळोख असतो हे लक्षात ठेवा.

नाताळ ते नववर्ष हा काळ टाळा. जैसलमेर आणि त्याजवळचं वाळूच्या टेकड्यांचं सम त्या दिवसांत तुडुंब भरतात आणि साध्या खोलीचे दर ऐकून घाम फुटतो. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरु महोत्सव, म्हणजे वाळवंटाचा उत्सव, असतो. तो बघायचाच असेल तर जा, शांतता हवी असेल तर त्याआधी किंवा नंतर.

२. गाडीची तयारी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, दहा-बारा दिवस आधी करा. नंतर रामटेक किंवा पेंचकडे एक चक्कर मारा. मेकॅनिकने काही ढिलं सोडलं असेल तर ते घराजवळच कळतं.

टायर, स्टेपनी, बॅटरी, कूलंट, एअर फिल्टर, वायपर, चारही दिवे, एवढं तपासलं की पुरे. स्टेपनी स्वतः बदलून बघा, घराच्या फाटकासमोर, एकदा तरी. कित्येक गाड्यांचा पाना नटाला बसत नाही किंवा नट इतके घट्ट असतात की उभं राहून पाय द्यावा लागतो. हे पोखरणच्या पुढे कळण्यात मजा नाही.

गाडीत जास्तीचं एवढंच ठेवा: सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप आणि हवा मोजायचा गेज, ट्यूबलेस पंक्चरच्या पट्ट्या, ओढायचा पट्टा, आखूड दांड्याचं फावडं आणि जुने रबरी मॅट. वेड्या बाभळीचे काटे तिकडेही आहेत, आपल्याकडच्यापेक्षा जास्तच. त्यामुळे पंक्चरचं सामान नुसतं घेऊ नका, वापरायला शिकून घ्या.

३. कागदपत्रं

- लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरवरचे चालतात, पण नेटवर्क नसलेल्या जागी दाखवायला एक छापील संच गाडीत असू द्या.
- मूळ आधार कार्ड. लॉजवर आणि सीमाभागातल्या नाक्यांवर हेच मागतात.
- फास्टॅग. वर्षभराचा पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा तो ३००० रुपयांचा होता: एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवर चालतो. या वाटेवर राज्यांचे टोलनाकेही लागतात, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. पास आहे म्हणून फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवली नाही, हा अगदी नेहमीचा सापळा.
- गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या. परराज्यात एमएच ३१ किंवा एमएच ४९ बघून पोलीस थांबवतातच. थांबवायला आणखी एक कारण कशाला द्यायचं?

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास दिसतात. भारतात ती परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि सीमेजवळ सापडली तर प्रकरण गंभीर होतं. घरीच ठेवा. ड्रोनही तसाच घरी.

४. सामान

ताडपत्री आणि दोर गांधीबाग-इतवारीत घ्या, बाकी बरंच बर्डीवर मिळतं. महागडं सामान पहिल्या खेपेला घेऊ नका.

- दोन माणसांचा, दोन थरांचा तंबू. एकट्यासाठी एका माणसाचा घेतला की बॅग ठेवायला जागा उरत नाही.
- शून्य ते पाच अंशांसाठीची झोपायची पिशवी. ती नसेल तर घरातली जाड दुलई आणि घोंगडी उत्तम. गाडी आहे, वजनाची काळजी कशाला?
- खाली घालायची जाड चटई. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते.
- रिकाम्या सिमेंटच्या किंवा धान्याच्या सहा-आठ छोट्या गोण्या. कशाला ते सातव्या भागात.
- पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन. पिणं आणि स्वयंपाक मिळून दिवसाला पाच लिटर धरा, दुसरा कॅन राखीव.
- छोटी गॅसशेगडी आणि डबा. गॅसचा डबा काचेमागे उन्हात ठेवायचा नाही.
- डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जास्तीचे सेल.
- प्रथमोपचार, ओआरएस, चिमटा, नेहमीची औषधं दुप्पट.
- ऑफलाइन नकाशे आणि हातानं लिहिलेली नंबरांची यादी. आणीबाणीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

खाण्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, ठेचा, चिवडा. पहिले दोन-तीन दिवस एवढ्यावर निघतात. पुढे बाजरीची जाड भाकरी, केर-सांगरी, दाल-बाटी. आपल्या रोडग्यांवर वाढलेल्या माणसाला बाटी परकी वाटत नाही.

५. रस्ता आणि टप्पे

समृद्धी विसरा, ती मुंबईकडे जाते. आपला रस्ता सावनेरवरून.

*पहिला दिवस, नागपूर ते इंदूर, साधारण साडेचारशे किलोमीटर.* सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, हरदा, मग हंडिया-नेमावरला नर्मदा ओलांडून इंदूर. पहाटे पाचला निघा. मुलताईला तापीचं उगमस्थान आहे, चहाला थांबायला ती जागा बरी. इंदूर शहरात शिरू नका, बायपासवर मुक्काम करा, नाहीतर सकाळी बाहेर पडण्यात तास-दीड तास जातो.

*दुसरा दिवस, इंदूर ते उदयपूर.* रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तोडगड. रस्ता चांगला आहे, म्हणूनच इथे डुलकी लागते. मंदसौर-नीमच-चित्तोड हा परवान्यानं होणाऱ्या अफूच्या शेतीचा पट्टा. जानेवारी-फेब्रुवारीत पांढरी फुलं रस्त्यावरून दिसतात. फोटोसाठी शेतात उतरू नका, आणि या पट्ट्यात कुणालाही लिफ्ट देऊ नका, कुणाचं पार्सल "जरा पुढे पोचवा" म्हणून घेऊ नका. नाकाबंदीत गाडी तपासली जाते, आणि गाडीत सापडलेल्या पुडक्याचा जाब गाडीवाल्यालाच द्यावा लागतो. उदयपूरच्या अलीकडे मेनार गाव लागतं. तिथल्या तलावांवर हिवाळ्यात पक्ष्यांची गर्दी असते. २०२५ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अर्धा तास थांबलात तर पायही मोकळे होतात.

*तिसरा दिवस, उदयपूर ते जोधपूर, अडीचशे किलोमीटर.* अरवलीचा घाट, राणकपूर, पाली. राणकपूरचं जैन मंदिर इतर पर्यटकांसाठी दुपारी बाराला उघडतं, त्या हिशेबानं निघा. पालीच्या पुढे हायवेलगत ओम बन्नांचं ठाण आहे, जिथे बुलेट मोटारसायकलची पूजा होते. येणारे-जाणारे ड्रायव्हर थांबतात, तुम्हीही थांबा.

*चौथा दिवस, जोधपूर ते ओसियां, फक्त ६५ किलोमीटर.* हा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. जोधपूरला पाणी, भाजी, पेट्रोल भरा, दुपारी दोनपर्यंत ओसियांला पोचा आणि तंबूची पहिली रात्र इथे काढा. वस्ती जवळ आहे, काही विसरलं असेल तर परत फिरता येतं.

*पाचवा दिवस, ओसियां ते जैसलमेर, अडीचशे किलोमीटर.* सकाळी फलोदीजवळच्या खीचनला करकोच्यांचे थवे, सप्टेंबरअखेर ते मार्च. मग रामदेवरा, पोखरण, जैसलमेर.

पहिले तीन मुक्काम लॉजवर किंवा धर्मशाळेतच करा, हे माझं ठाम मत. सातपुड्यातला बराचसा पट्टा वनखात्याचा आहे, तिथे तंबू ठोकता येत नाही. बाकी जमीन शेताची. थकलेल्या अवस्थेत अनोळखी शेताच्या बांधावर तंबू लावण्यात काही शौर्य नाही. एकट्या बाईला खोली द्यायला काही लॉजवाले आढेवेढे घेतात, तेव्हा दुपारीच फोन करून "एकटीच आहे, आधार आहे" असं सांगून खोली पक्की करा. दारात उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं.

सगळ्या प्रवासाला एकच नियम: सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामाची जागा डोळ्यांसमोर हवी. पोचायला उशीर होतोय असं दुपारी तीनला दिसलं तर त्या दिवसाचं लक्ष्य बदला, वेग वाढवू नका. रात्री या रस्त्यांवर गायी, उंट आणि रोही (नीलगायी) असतात. रोही उडी मारून येते हे आपल्याला काटोल-नरखेडकडे माहीत आहेच. उंटाचं वेगळं आहे. त्याचे डोळे तुमच्या दिव्यांच्या उंचीला नसतात, समोर नुसते चार बारीक पाय दिसतात, आणि धडक बसली तर धड थेट काचेवर येतं.

घरी रोज दोन निरोप द्या: सकाळी निघताना पुढचा मुक्काम कुठे, आणि संध्याकाळी पोचल्यावर जागेचं लोकेशन. रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, ते घरच्यांना आधीच लिहून द्या. दिवसभर लोकेशन चालू ठेवण्यापेक्षा हे बरं. तिकडे नेटवर्क जातं, ठिपका एका जागी थांबतो आणि इकडे आईचा जीव टांगणीला.

६. तंबू कुठे ठोकायचा

इथे नवे लोक सर्वांत जास्त गोंधळतात. नजर जाईल तिथपर्यंत कुणी नाही, म्हणून ही जागा कुणाचीच नाही असं वाटतं. थरमध्ये असं जवळजवळ कधीच नसतं. जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत याची गणना होते. घरं विखुरलेली, त्यांना ढाण्या म्हणतात, आणि ढाण्यांमधली जमीन कुणाच्या ना कुणाच्या कामाची असते.

चार प्रकारच्या जागा ओळखायला शिका.

*ओरण.* देवाच्या नावानं राखलेली जमीन. झाडं तोडायची नाहीत, नांगरायची नाही. जैसलमेरजवळचं देगराय ओरण प्रसिद्ध आहे. खेड्यातल्या ओरणाला पाटी असेलच असं नाही. झाडी नेहमीपेक्षा दाट दिसली आणि मधे ठाण दिसलं तर ओरण समजा. इथे तंबू नको, जाळ तर मुळीच नको.

*गोचर.* गावाचं चराऊ रान. रात्री रिकामं असतं, पहाटे शेळ्या-मेंढ्या येतात. विचारलं तर बहुधा हो म्हणतात.

*आगोर.* हे नीट समजून घ्या. तलाव किंवा टांक्याकडे पावसाचं पाणी वाहून यावं म्हणून स्वच्छ, सपाट ठेवलेली उताराची जमीन म्हणजे आगोर. टांका म्हणजे जमिनीतली झाकलेली पाण्याची टाकी. आगोर बघून नवख्याला वाटतं, काय सुंदर सपाट जागा, काटे नाहीत, खडे नाहीत! ती तशी ठेवलेली आहे, कारण त्या उतारावर पडलेला प्रत्येक थेंब कुणीतरी पिणार आहे. तिथे तंबू लावणं, भांडी धुणं, चप्पल घालून हिंडणंसुद्धा लोकांना आवडत नाही. शौचाला जाणं तर फार मोठा अपराध.

*खडीन.* उताराच्या शेवटी लांब मातीचा बांध घालून पाणी अडवायचं, आणि ते मुरलं की ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेरकडे रुजवलेली पद्धत. आता उजाड असलेलं कुलधरा हे त्यांचंच गाव. हिवाळ्यात खडिनात पीक उभं असतं, म्हणून तिथे जायचं नाही. पण बांधाच्या पलीकडे, मालकाला विचारून, जागा मिळू शकते.

याशिवाय समजवळ राष्ट्रीय मरु उद्यान आहे, ३१६२ चौरस किलोमीटरचं. तिकडे ज्याला गोडावण म्हणतात तो माळढोक इथे उरला आहे. ताडोबात वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही, तसंच हे. परवानगीशिवाय मुक्काम नाही.

मग विचारायचं कुणाला? रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर किंवा सरळ ढाणीवर जाऊन. गाडी लांब उभी करा, चालत जा, कुत्रे भुंकतील तिथेच थांबा. "राम राम सा" म्हणा. कुठून आलात, एकटेच का, जात कोणती हे सगळं विचारलं जाईल. शेवटच्या प्रश्नावर मी "नागपूर की हूं, संतरेवाले गांव से" एवढंच सांगते आणि विषय पुढे जातो. मग सांगा: एक रात्र, माझा तंबू आहे, सकाळी निघेन, कुठे थांबू? "इथे थांबू का?" असं विचारू नका, "कुठे थांबू?" असं विचारा. पहिल्याला नाही म्हणता येतं. दुसऱ्याला लोक विचार करून जागा दाखवतात, आणि ती जागा तुम्ही निवडलेल्यापेक्षा हमखास चांगली असते: वारा कमी, पाणी जवळ, ढाणीवरून हाक ऐकू येईल अशी.

मुलींना एक सांगणं: होकार पुरुषाकडून मिळाला तरी थोडा वेळ आत बायकांशी बोला. त्या घरात तुम्ही कोण हे कळलं की रात्री कुणी चौकशीला येत नाही. बहुतेकदा अंगणातच झोपायला सांगतात. सांगितलं तर ऐका, तंबूची हौस उद्या भागवा. जागेचं भाडं देऊ केलं तर अपमान वाटू शकतो. दूध किंवा जेवण घेतलं तर त्याचे पैसे द्या, किंवा सोबत नेलेली संत्राबर्फी पोरांच्या हातात ठेवा.

जैसलमेरजवळच्या खुरी गावाकडे काही घरी राहण्याची सोय आहे आणि त्यांच्या आवारात स्वतःचा तंबू लावू देतात. पहिल्या खेपेला मी समपेक्षा खुरी सुचवेन. समला पक्क्या तंबूंची रांग आहे, रात्री नाच-गाणं, भोंगे, जीपगाड्या. ते पॅकेज घ्यायचं तर घ्या, पण शांत आकाशाच्या आशेनं समला जाऊ नका.

सापळा: जैसलमेरच्या अलीकडे परराज्याची नंबरप्लेट बघून मोटारसायकलवाले समांतर चालू लागतात, "हॉटेल, सफारी, कॅम्प, आओ दिखाता हूं." तिकडे त्यांना लपके म्हणतात. थांबू नका, काच खाली करू नका, हसून हात हलवा. "कुणालाच माहीत नसलेला टीला", म्हणजे वाळूची टेकडी, दाखवणाऱ्याबरोबर तर अजिबात जाऊ नका.

७. वाळूत तंबू आणि रात्र

टील्याच्या माथ्यावर तंबू लावला तर वारा झोपू देत नाही. अगदी खोलगट जागी लावला तर रात्री गार हवा तिथेच साचते. मधली, कडक जमीन असलेली जागा बरी. दार पूर्वेला ठेवा, सकाळचं पहिलं ऊन आत येतं आणि त्याची किंमत तेव्हा कळते.

तंबूसोबत आलेल्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत, वाऱ्याच्या पहिल्या झोतात निघतात. इथे त्या गोण्या कामाला येतात: गोणीत वाळू भरा, दोर बांधा, दीड-दोन फूट खड्डा करून पुरा आणि वरून पायानं दाबा. काठीचा तुकडा आडवा पुरूनही हेच होतं. हे सगळं उजेडात करायचं काम आहे, म्हणूनच तो दोन तासांचा नियम.

जाळासाठी खेजडी तोडायची नाही, वाळलेली फांदीही न विचारता घ्यायची नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, आणि तो राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात याच झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी जीव दिला. लाकूड ढाब्यावर विकत मिळतं. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, निखारे काहीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. गाडीत झोपत असाल तर इंजिन बंद आणि काच बोटभर उघडी.

साप हिवाळ्यात कमी हिंडतात, पण तंबूची चेन कायम बंद ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं दुखतही नाही, एवढं कारण पुरेसं आहे. बूट तंबूत ठेवा, सकाळी झटकून घाला. लाकूड-दगड उचलताना आधी बॅटरी मारा. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अवयव न हलवता सरळ मोठं सरकारी रुग्णालय. गावात कुणी झाडफुंकवाल्याकडे नेऊ म्हणेल, तेव्हा ठाम राहा.

शौचासाठी वस्ती, टांका आणि आगोर यांपासून निदान साठ पावलं लांब, वीतभर खोल खड्डा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. प्लास्टिकही सगळं परत. तिकडच्या गायी ते खातात.

८. गाडी वाळूत नेऊ नका, आणि गेलीच तर

पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी डांबराच्या कडेवरून दहा फूट जरी मऊ वाळूत गेली तरी रुतते. रस्त्यावर वाऱ्यानं वाळूचे पट्टे आलेले असतात, ते एकाच गतीनं, मध्ये ब्रेक न मारता पार करायचे.

चाक फिरायला लागलं आणि गाडी सरकली नाही की लगेच पाय काढा. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी पोटावर बसते. चाकांपुढची-मागची वाळू फावड्यानं काढा, चाकांतली हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा, पुढच्या चाकांना लागून मॅट सरकवा, आणि ज्या चाकोरीनं आत गेलात त्याच चाकोरीनं सावकाश मागे या. डांबरावर आल्यावर आधी पंपानं हवा भरायची, मग निघायचं. कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर फुटतो.

९. जैसलमेरच्या पलीकडे

तनोट मातेचं मंदिर जैसलमेरपासून १२० किलोमीटरवर, सीमा सुरक्षा दल ते सांभाळतं. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवले आहेत. परतताना लोंगेवाला, १९७१ ची युद्धभूमी. दोन्ही एका दिवसात होतात. जैसलमेरहून टाकी पूर्ण भरून निघा, वाटेत रामगडला पुन्हा वरपर्यंत भरा.

या पट्ट्यात मुक्काम करू नका, संध्याकाळपर्यंत जैसलमेरला परत या. सीमेलगतच्या काही ठाण्यांच्या हद्दीत बाहेरच्या माणसाला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते आणि वातावरण तापलं की नियम एका रात्रीत बदलतात. म्हणून आदल्या दिवशी जैसलमेरच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. जवानांनी अडवलं तर आधार द्या, सरळ उत्तर द्या. एकटं फिरणारं माणूस त्यांना नवल वाटतं, त्यामुळे प्रश्न जास्त येतात, एवढंच. ताफ्याचे, चौक्यांचे, तारांचे फोटो काढू नका.

पोखरणजवळ लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे. रस्ता सोडून आत शिरायचं नाही आणि जमिनीवर दिसलेला धातूचा तुकडा आठवण म्हणून उचलायचा नाही. तो जिवंत असू शकतो.

१०. परतीला

जैसलमेर सोडताना सगळ्यांना घाई होते. उदयपूर ते नागपूर हे पावणेनऊशे-नऊशे किलोमीटर एका दमात मारायचा मोह होतो, कारण रस्ता ओळखीचा वाटतो. तसं करू नका. इंदूरला मुक्काम ठेवा आणि बैतूल-पांढुर्ण्याचा भाग दिवसाउजेडी काढा.

घरी आल्यावर आठवड्याभरात एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर उघडून झटका किंवा बदला, अलाइनमेंट बघून घ्या, आणि सीटखालची वाळू ओल्या फडक्यानं नव्हे तर व्हॅक्यूमनं काढा. ओली झाली की ती रुळांत जाऊन बसते. तंबूच्या चेनी साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, मगच घडी घाला. फास्टॅगचं विवरण एकदा नजरेखालून घाला. एकाच नाक्यावर दोनदा पैसे गेलेले दिसले तर तारीख-वेळ घेऊन १०३३ वर तक्रार नोंदवा.